मजल आणि पल्ला : विजेच्या मोटारीच्या अंतराचा इतिहास

१

मराठीत प्रवासाच्या अंतराचा बोध करून देणारे दोन शब्द रूढ आहेत : 'पल्ला' आणि 'मजल'. वरवर पाहता ते समानार्थी भासतात. 'लांबचा पल्ला गाठला' आणि 'लांबची मजल मारली' या दोन वाक्यांत व्यवहारात फारसा भेद केला जात नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली कल्पना भिन्न आहे. पल्ला हा जाणाऱ्या वस्तूच्या अंगच्या शक्तीचा धर्म होय. तोफेचा पल्ला, बाणाचा पल्ला असे म्हणताना ती शक्ती कोठे संपते एवढेच सांगावयाचे असते. 'मजल' हा शब्द अरबी 'मन्झिल' या शब्दावरून फारसीच्या द्वारे मराठीत आला असून त्या मूळ शब्दाचा अर्थ 'उतरण्याचे ठिकाण' असा आहे. दिवसभर चालून जेथे उतरावयाचे त्या ठिकाणाचे नाव पुढे त्या ठिकाणापर्यंतच्या अंतराला मिळाले. लष्कर मजल दरमजल करीत पुढे गेले, असे म्हणताना घोड्याचा दम आणि पुढच्या मुक्कामावरील पाणी, चारा व निवारा या दोन्ही गोष्टी त्या अंतरात गृहीत असतात. पाणी आठ कोसांवर आणि त्यापुढील पाणी सोळा कोसांवर असेल, तर बारा कोस चालू शकणाऱ्या घोड्याची मजलही आठ कोसांचीच ठरे.

विजेच्या मोटारीच्या इतिहासाची जी मांडणी सामान्यतः केली जाते तीत या भेदाचे भान राहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या. परंतु त्यांची बॅटरी दुर्बळ, पल्ला तोकडा आणि चार्जिंगला लागणारा वेळ फार. म्हणून पेट्रोलच्या मोटारीपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. पुढे लिथियमची बॅटरी निघाली, पल्ला वाढला आणि त्या परत आल्या. असे हे कथन आहे. ते असत्य नाही. परंतु ते केवळ पल्ल्याचे कथन आहे. डेव्हिड कर्श यांनी २००० साली आणि डच इतिहासकार खेइस मॉम यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनंतर हे कथन जसेच्या तसे स्वीकारणे अभ्यासकांना शक्य राहिलेले नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, विजेच्या मोटारीचे अंतर हे आरंभापासूनच मजलीच्या स्वरूपाचे होते. ते बॅटरीत जितके साठविलेले असे तितकेच ते चार्जिंगच्या ठिकाणी, त्या ठिकाणाच्या मालकीत आणि तेथील व्यवस्थेतही साठविलेले असे. जेथे ही व्यवस्था नांदली तेथे तोकड्या पल्ल्याची गाडीही टिकली. जेथे ती मोडली तेथे बऱ्या पल्ल्याच्या गाडीचाही निभाव लागला नाही.

२

विजेच्या मोटारीची कथा शिशापासून सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भारता येणारी पहिली बॅटरी तयार केली. १८८१ साली कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली. तीमुळे बॅटरीची साठवण पुष्कळ वाढली आणि तिचे कारखान्यात उत्पादन करणे शक्य झाले. त्याच वर्षी गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी चालवून दाखविली. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, एअर्टन आणि पेरी या प्राध्यापकांची विजेची तीनचाकी लंडनमध्ये धावली. कार्ल बेंत्स यांच्या पेट्रोलच्या गाडीचा एकस्वाचा अर्ज १८८६ सालचा आहे. कालक्रमाने वीज आधीची आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिशाच्या बॅटरीचे मर्म तिच्या वजनात आहे. आजच्या सुधारलेल्या स्थितीतही तिच्या एका किलोग्रॅमात सुमारे ३० ते ४० वॉट-तास एवढीच ऊर्जा मावते. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. इंजिनात तिचा तीनचतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो असे धरले, तरी उरलेले अंतर प्रचंड आहे. पल्ला वाढविण्यासाठी बॅटऱ्या वाढवाव्यात, तर गाडीचे वजन वाढते आणि ते वजन ओढण्यासाठीच विजेचा मोठा भाग खर्ची पडतो. १८९४ साली फिलाडेल्फियात मॉरिस आणि सॅलम यांनी बांधलेल्या 'इलेक्ट्रोबॅट' गाडीत सुमारे १,६०० पौंड वजनाच्या बॅटऱ्या होत्या. गाडीच्या एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्यांनीच व्यापला होता.

याखेरीज आणखी एक नियम होता. जर्मन शास्त्रज्ञ प्यॉइकर्ट यांनी १८९७ साली असे दाखवून दिले की, शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या वेगाने काढावी तितकी ती एकूण कमी मिळते. म्हणजे गाडी वेगाने हाकली की वाऱ्याचा विरोध वाढून खर्च वाढतो आणि त्याच वेळी साठाही आक्रसतो. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय झेनात्सी या बेल्जियन चालकाने विजेच्या मोटारीतून ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे जगातील पहिले रस्त्यावरील वाहन विजेचे होते. परंतु तो विक्रम एका किलोमीटरच्या धावेचा होता. वेग आणि अंतर यांतून एकाचीच निवड करावी लागे. यावरून पल्ला हा आकडा मुळातच स्थिर नव्हता हे उघड होते. कोणत्या वेगाने, कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या ऋतूत, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून त्याला अर्थच प्राप्त होत नसे.

३

या मर्यादांचे ज्ञान त्या काळच्या अभियंत्यांना नव्हते असे मानणे चूक ठरेल. किंबहुना त्यांनी पहिली योजना केली ती या मर्यादा गृहीत धरूनच. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. त्या विकल्या जात नसत; कंपनीच्या मालकीच्या असून एका ठाण्यातून सुटत व तेथेच परत येत. ब्रॉडवेवरील ठाण्यात गाडी आत आली की तिच्या पोटातील बॅटऱ्यांची जड पेटी यंत्राच्या साह्याने बाहेर ओढली जाई, भारलेली दुसरी पेटी आत सरकविली जाई आणि गाडी काही मिनिटांत पुन्हा रस्त्यावर येई. उतरविलेली पेटी ठाण्यात सावकाश भारली जाई. घोडा थकला म्हणून प्रवास थांबवावयाचा नाही, घोडाच बदलावयाचा; डाकेच्या चौक्यांवर हरकारे बदलण्याची जी पद्धत हिंदुस्थानात शतकानुशतके चालत आली होती, तिचेच हे यंत्रयुगातील रूप होते. येथे चार्जिंगचा वेळ प्रवाशाच्या वेळातून पूर्णपणे वगळला गेला होता.

याच वर्षी लंडनमध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या गाड्या भाड्याने धावू लागल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' असे नाव दिले होते. परंतु शिशाच्या भाराने रबरी धावा लवकर झिजत, बॅटऱ्यांचे पत्रे हादऱ्यांनी ढासळत आणि दुरुस्तीचा खर्च उत्पन्नाला डोईजड होई. १८९९ साली ही सेवा बंद पडली. न्यूयॉर्कच्या व्यवसायातून 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' ही बलाढ्य संस्था उभी राहिली खरी; परंतु तिच्या प्रवर्तकांनी अनेक शहरांत एकाच वेळी शाखा उघडण्याची घाई केली. न्यूयॉर्कच्या ठाण्यातील कसलेले कारागीर, बॅटऱ्यांची निगा आणि शिस्त ही त्या शाखांतून उभी करता आली नाहीत. भांडवलाच्या उलाढालींनी कंपनीचे नावही बदनाम झाले आणि १९०७ साली तिचे दिवाळे निघाले.

या अपयशाचे खापर पल्ल्यावर फोडता येत नाही. शहरातील भाड्याच्या फेरीला जेवढे अंतर लागे तेवढे त्या गाड्या तोडीत होत्या. मोडली ती ठाण्याची व्यवस्था. मात्र तिच्याबरोबर एक महत्त्वाची कल्पनाही मागे पडली : गाडी एकाची, बॅटरी दुसऱ्याची आणि अंतराची हमी तिसऱ्याची असू शकते, ही ती कल्पना होय.

४

१९०० सालच्या अमेरिकन गणनेनुसार त्या वर्षी तेथे ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या केवळ ९३६ होत्या. त्यानंतर अवघ्या दीड दशकात हे चित्र पूर्णपणे पालटले. आश्चर्याची गोष्ट अशी की, याच काळात विजेच्या मोटारीचा पल्ला घटत नव्हता, वाढत होता. टॉमस एडिसन यांची निकेल-लोखंडाची बॅटरी प्रथम १९०३ च्या सुमारास बाजारात आली, दोषांमुळे मागे घेतली गेली आणि १९१० च्या सुमारास सुधारून पुन्हा आली. ती महाग होती, पण दीर्घायुषी होती. १९०७ पासून बनू लागलेल्या 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' मोटारीचा पल्ला ८० मैलांचा असल्याचे जाहिरातीत सांगितले जाई. एका चाचणीत ती एका चार्जवर २११.३ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर चालली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता, ही गोष्ट त्या आकड्याबरोबरच वाचली पाहिजे. शहरातील दैनंदिन फेरफटक्याला हा पल्ला पुरून उरत असे. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड विजेचीच मोटार वापरीत.

चार्जिंगचीही सोय होऊ लागली होती. बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो; घरोघरी येणारी वीज मात्र अधिकाधिक प्रत्यावर्ती होऊ लागली होती. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ साली शोधून काढलेल्या पाऱ्याच्या दिव्यासारख्या साधनाने एका प्रवाहाचे दुसऱ्यात रूपांतर करता येऊ लागले आणि श्रीमंतांच्या गाडीखान्यांत ही यंत्रे बसली. वीजकंपन्यांनाही हे गिऱ्हाईक हवेसे होते, कारण दिवे मालवल्यानंतर त्यांची जनित्रे रात्रभर रिकामी राहत.

मग उणीव कोठे होती? ती शहराच्या वेशीबाहेर होती. पेट्रोल हे डब्यात भरून कोठेही नेता येते. पंप निघण्यापूर्वी ते किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, लोखंडी सामानाच्या दुकानात डब्यांतून मिळत असे. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीला मुक्कामाचे ठिकाण आधी उभारावे लागले नाही, ते तिच्या पाठोपाठ आपोआप उगवले. वीज तारेवाचून जात नाही. १९३५ च्या सुमारासही अमेरिकेतील शेतघरांपैकी दहांतून सुमारे एकाच घरी वीज होती. १९०८ साली फोर्ड यांची 'मॉडेल टी' आली, १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत इंजिन सुरू करण्यासाठी विजेची कळ आली आणि हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट संपले. या दुसऱ्या सुधारणेतील उपरोध लक्षणीय आहे : पेट्रोलच्या मोटारीचा शेवटचा मोठा दोष एका बॅटरीनेच दूर केला. मॉम यांनी दाखविल्याप्रमाणे त्या काळी मोटार घेणाऱ्याला केवळ कामापुरते वाहन नको होते. वेशीबाहेर भटकण्याचे साहस हवे होते. तो वर्षातून किती वेळा शंभर मैलांवर जाई हा प्रश्न गौण होता. जाता येईल, ही शक्यता तो विकत घेत होता.

तरीही ठाण्याची जुनी कल्पना सर्वस्वी लोपली नव्हती. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वीजकंपनीने १९१० च्या सुमारास मालवाहू गाड्यांसाठी बॅटरी बदलून देण्याची योजना सुरू केली. गिऱ्हाईक बॅटरीवाचून गाडी विकत घेई. वीजकंपनी बॅटरी पुरवी, भारी, दुरुस्त करी आणि त्याबद्दल मासिक आकार व दर मैलामागे काही रक्कम घेई. १९२४ पर्यंत चाललेल्या या योजनेखाली गाड्यांनी एकूण ६० लाखांहून अधिक मैल अंतर तोडले. तेथे पल्ल्याची तक्रार कोणी करावी असे कारणच उरले नव्हते, कारण गिऱ्हाईक बॅटरी घेत नव्हते. ते मैल घेत होते.

५

प्रचलित कथनात १९२० ते १९९० ही सत्तर वर्षे विजेच्या मोटारीच्या अज्ञातवासाची मानली जातात. वस्तुतः या काळातील दोन उदाहरणे या निबंधाच्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहेत.

पहिले इंग्लंडमधील दूधगाड्यांचे. दारोदारी दुधाच्या बाटल्या पोहोचविणाऱ्या विजेच्या गाड्या तेथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हजारोंच्या संख्येने होत्या. त्यांची बॅटरी शिशाचीच होती, वेग सायकलीएवढा आणि पल्ला कोणत्याही पेट्रोलच्या गाडीपुढे क्षुल्लक होता. परंतु त्यांचा मार्ग ठरलेला होता, घरांची संख्या ठरलेली होती आणि परतण्याचे ठिकाण ठरलेले होते. पहाटे काम, दुपारनंतर विश्रांती आणि रात्री ठाण्यात चार्जिंग, असा त्यांचा दिनक्रम असे. पदोपदी थांबावे लागणाऱ्या कामात पेट्रोलचे इंजिन उभ्या उभ्या इंधन जाळते. विजेची गाडी थांबली की तिचा खर्चही थांबतो. पुढे त्या घटल्या त्याही बॅटरीच्या दोषामुळे नव्हे; लोक दूध दुकानातून आणू लागले म्हणून.

दुसरे उदाहरण जपानचे. महायुद्धानंतर तेथे पेट्रोल दुर्मीळ होते, तर जलविद्युत् तुलनेने उपलब्ध होती. १९४७ साली तयार झालेली 'तामा' नावाची विजेची मोटार भाड्याची गाडी म्हणून चांगली चालली. तिच्या दोन्ही बाजूंना खाली झाकणे असून त्यांतून बॅटऱ्यांच्या पेट्या रुळांवरून ओढून बदलता येत. न्यूयॉर्कच्या ठाण्यातील युक्ती अर्धशतकानंतर तोक्योत अशी पुन्हा अवतरली. कोरियन युद्धाच्या काळात शिशाचे भाव चढले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि ती गाडी मागे पडली. या दोन्ही उदाहरणांत गाडीचा उदय आणि अस्त यांचे कारण तिच्या पल्ल्यात सापडत नाही. ते तिच्याभोवतीच्या व्यवहारात सापडते.

६

आधुनिक पुनरुज्जीवनाचा आरंभ कॅलिफोर्नियाच्या १९९० सालच्या नियमाने झाला. धूर न सोडणाऱ्या मोटारींचे प्रमाण १९९८ पर्यंत दोन टक्के व्हावे, असे त्या नियमाने मोटार कंपन्यांवर बंधन घातले. पुढे त्यात अनेक सवलती दिल्या गेल्या. १९९६ साली जनरल मोटर्सने 'ईव्ही-१' ही मोटार भाडेपट्ट्याने दिली. तिची पहिली बॅटरी शिशाची होती. १९९९ साली निकेल-धातुहायड्राइडची बॅटरी आली. येथे चार्जिंगच्या इतिहासातील एक जुना दोष नव्याने प्रकट झाला. काही कंपन्यांच्या गाड्या चपट्या फळीसारख्या साधनातून चुंबकीय प्रवर्तनाने भारल्या जात, तर काहींच्या धातूच्या संपर्काने. एकाचे ठाणे दुसऱ्याच्या कामाचे नव्हते. घोडा उभा आहे, पाणीही आहे, पण पोहऱ्याचे तोंड जुळत नाही, अशी ती स्थिती होती. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी धातूच्या संपर्काची पद्धत मान्य केली; तोवर त्या पिढीतील गाड्यांचे आयुष्य संपत आले होते.

लिथियम-आयन बॅटरीचे श्रेय स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि आकिरा योशिनो या तिघांना दिले जाते. त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनी कंपनीने ही बॅटरी १९९१ साली छोट्या उपकरणांसाठी बाजारात आणली. मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर आली ती २००८ नंतर. शिशाच्या मानाने तिच्यात दर किलोग्रॅमला पाचपट वा अधिक ऊर्जा मावते; पल्ल्याच्या बाजूने हा निःसंशय मोठा पालट होय. परंतु त्याच वेळी मजलीच्या बाजूनेही हालचाल झाली, हे विसरता कामा नये. २०१० साली जपानी कंपन्यांनी जलद चार्जिंगचे एक समान मानक ठरविले आणि त्याला 'चाडेमो' असे नाव दिले. या नावात एक श्लेष आहे : 'चहा तरी घेणार का?' अशा अर्थाच्या जपानी वाक्याचा ध्वनी त्यात दडलेला असून, गाडी भारली जाईतो चहा व्हावा, असे त्यातून सुचविलेले आहे. तांत्रिक मानकाच्या नावातच मुक्कामाची कल्पना उतरावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. २०१२ साली टेस्ला कंपनीने कॅलिफोर्नियात लांबच्या रस्त्यांवर स्वतःची जलद चार्जिंगची ठाणी उघडली. या कंपनीचे यश केवळ तिच्या बॅटरीला दिले जाते. परंतु गाडीबरोबरच ठाण्यांची साखळी उभारण्याचे जे काम १८९७ च्या कंपनीने आरंभले व अर्धवट टाकले, तेच येथे पूर्णत्वास नेले गेले असे म्हणावे लागेल.

जलद चार्जिंगलाही आपले नियम आहेत. बॅटरी रिकामी असताना ती वीज झपाट्याने घेते. भरत आली की विद्युत्‌दाब मर्यादेत राखण्यासाठी प्रवाह कमी कमी करावा लागतो. म्हणून शेवटच्या पाचव्या हिश्श्याला अवाजवी वेळ लागतो आणि जाणता चालक सुमारे ऐंशी टक्क्यांवर गाडी हलवितो. याचा अर्थ असा की, लांबच्या प्रवासात बॅटरीचा पूर्ण पल्ला क्वचितच वापरला जातो. पुढचे ठाणे कोठे आहे यावरून किती भरावयाचे हे ठरते. अंतराचे माप पुन्हा एकदा उतरण्याच्या ठिकाणाकडे झुकते.

७

भारतात या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. बंगळूरच्या 'रेवा' या छोट्या विजेच्या मोटारीची विक्री २००१ साली सुरू झाली. तिची बॅटरी शिशाची, पल्ला सुमारे ८० किलोमीटर आणि चार्जिंग घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे आठ तासांचे होते. ती लंडनमध्ये जितकी दृष्टीस पडू लागली तितकी भारतीय शहरांत पडली नाही. लंडनमध्ये शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या वाहनांवर २००३ साली बसलेला कर तिला माफ होता; म्हणजे तेथे तोकड्या पल्ल्याच्या गाडीला व्यवस्थेने जागा करून दिली होती.

जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची 'नेक्सॉन ईव्ही' बाजारात आली. तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरचा होता. हा आकडा पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीचा होता. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था भारतीय वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करते. चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर आणि ठरावीक वेळापत्रकानुसार होते. त्या वेळापत्रकातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. हा आकडा खोटा नसतो. निरनिराळ्या गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यासाठी ते योग्य माप आहे. परंतु रस्त्यावरील ग्राहक त्याला वचन समजतो आणि वेग, ऊन, वातानुकूलन व चढ यांमुळे अंतर कमी भरले की फसवणूक झाल्याची भावना धरतो. माप आणि वचन यांतील हा गोंधळ डेट्रॉइटच्या २११.३ मैलांइतकाच जुना आहे.

चढाचा हिशेब करून पाहणे येथे उद्बोधक ठरेल. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्यास येताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. माणसांसह १,६०० किलोग्रॅम वजनाची गाडी एवढी वर उचलण्यास सुमारे २.४ किलोवॉट-तास, म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज लागते. मोटारीतील व चाकांतील व्यय यांत मिळविला पाहिजे. ३० युनिटांच्या बॅटरीच्या हा सुमारे बारावा हिस्सा झाला. उतरताना त्यातील काही भाग परत मिळतो, हा विजेच्या मोटारीचा विशेष होय. पेट्रोलच्या गाडीलाही हा चढ चुकत नाही. केवळ दोन्ही टोकांना पंप असल्यामुळे चालकाच्या तो लक्षात येत नाही. पेट्रोलच्या मोटारीचा पल्ला अमर्याद वाटतो तो अशा रीतीने, तिच्या मुक्कामांची विस्मृती पडल्यामुळे. त्याच घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी तलाव व महादेवाचे देऊळ बांधले. घाट चढण्यापूर्वी माणसांना व जनावरांना विसाव्याची आणि पाण्याची सोय हवी, हे जाणण्यासाठी त्यांना बैलाच्या पल्ल्याचे प्रमाणपत्र लागले नाही.

या दृष्टीने भारतातील महत्त्वाचे वर्ष २०१८ हे म्हणावे लागेल. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज विकण्यास परवाना लागतो. त्यामुळे चार्जिंगचे ठाणे चालविणे म्हणजे वीज विकणे काय, असा प्रश्न उपस्थित झाला होता. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने, बॅटरी भारून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, असा खुलासा केला. एका शब्दाच्या अर्थनिर्णयाने एका व्यवसायाचे दार उघडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील मार्गदर्शक सूचनांत शहरांत तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत किमान एक आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला एक ठाणे असावे, असे उद्दिष्ट घालून देण्यात आले. या सूचनांत गाडीच्या पल्ल्याची अट नाही. त्या मजलीच्या भाषेत लिहिलेल्या आहेत.

८

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. परंतु तो महत्त्वाचा आहे. बॅटरीच्या रसायनशास्त्रातील प्रगती गौण होती, असे येथे सुचवावयाचे नाही. शिशाच्या जागी लिथियम आले नसते तर विजेची मोटार महामार्गावर आली नसती. परंतु रसायनशास्त्राने केवळ पल्ला दिला. त्या पल्ल्याची मजल होण्यास भारण्याचे ठिकाण, समान जोडणी, विजेचा विश्वासार्ह पुरवठा आणि त्या ठिकाणावर सर्वांचा हक्क या गोष्टी लागतात. न्यूयॉर्कच्या ठाण्याला, हार्टफर्डच्या योजनेला आणि इंग्लंडच्या दूधगाड्यांना हे समजले होते. 'बॅटरी दुर्बळ होती' एवढ्यावर थांबणाऱ्या इतिहासाला ते समजत नाही.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आज विजेच्या मोटारीचे चार्जिंग मुख्यत्वे घरी, रात्री, स्वतःच्या गाडीच्या जागेवर होते. ज्याला स्वतःची भिंत आणि त्या भिंतीवर स्वतःचे मीटर आहे त्याची गाडी रोज सकाळी भरलेली असते. जो चाळीत राहतो, रस्त्याच्या कडेला गाडी लावतो किंवा ज्याच्या गृहनिर्माण संस्थेत वायर ओढण्यास संमती मिळत नाही, त्याच्या दृष्टीने तीच गाडी, तीच बॅटरी आणि तोच प्रमाणित पल्ला असूनही मजल वेगळी ठरते. शंभर वर्षांपूर्वी ही सीमा शहर आणि खेडे यांच्यामधून जात होती. आता ती एकाच शहरातील दोन घरांमधून जाते. पल्ला विकत घेता येतो. मजल मात्र समाजाला मिळून बांधावी लागते.